हसरा आवाज

लिफ्ट थांबली ती कुठल्याच मजल्यावर नाही. आधी एक हलका हिसका बसला, पायांखालची चटई कुणी ओढावी तसा. दिवा मिचमिचला, पुन्हा नीट लागला, आणि छताजवळच्या जाळीतून एक बाई अतिशय गोड आवाजात म्हणाली, "कृपया शांत राहा. आपली अडचण आम्हाला समजली आहे. मदत लवकरच येत आहे." लिफ्टमध्ये ती एकटी होती, आणि जाळीतली ती बाईसुद्धा तीच होती. याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर एक स्टुडिओ आहे, तिथं काही वर्षांपूर्वी तिनं ही वाक्यं म्हटली होती, मानधन घेतलं होतं आणि विसरून गेली होती. तिचा धंदाच तो. बँकेला फोन लावला की 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणणारी ती, दवाखान्यात पुढचा नंबर पुकारणारी ती, कितीतरी इमारतींमध्ये मजले सांगणारी ती. शहरातली बरीच माणसं रोज तिचं ऐकायची आणि रोज तिच्यावर वैतागायची. नवरा म्हणायचा, हिच्याशी भांडायची काही सोय नाही, दोन वाक्यांत माणसाला रांगेत उभं केल्यासारखं वाटतं. स्वतःचा आवाज असा अवचित कुठंतरी भेटण्याची तिला सवय होती. पण आजवर तिनं स्वतःलाच धीर दिला नव्हता, आणि गंमत म्हणजे दिलेला धीर तिला मुळीच आला नाही.

फोनला नेटवर्क नव्हतं. पिशवीत छापील कागदांचा गठ्ठा होता, त्यासाठीच ती वर निघाली होती. बायकांविषयी विचार करणाऱ्या बायकांचं ते पुस्तक. बाई म्हणजे काय आणि पुरुष म्हणजे काय हे कुणी ठरवलं, घरातली नि बाहेरची कामं कशी वाटली गेली, वाटणी करणाऱ्याच्या हाती पळी कुणी दिली, यावर निरनिराळ्या काळांतल्या नि देशांतल्या बायकांनी काय म्हटलं ते साध्या भाषेत सांगितलेलं. ते वाचून ध्वनिमुद्रित करायचं होतं. तिच्या आजवरच्या कामात दोन-तीन वाक्यांहून मोठं काही नव्हतं, आणि ज्यात कुणाला थांबायला सांगायचं नाही असं तर काहीच नव्हतं. म्हणून हे काम तिला हवं होतं, लहान मुलाला दुसऱ्याच्या हातातलं खेळणं हवं असतं तितकं हवं होतं. पण पहिला नमुना ऐकून प्रकाशनाच्या संपादकबाई म्हणाल्या होत्या, "गोड आहे हो फार. पण मला सारखं वाटत राहिलं, आता कुठलातरी मजला येणार." हसण्यावारी नेलं तरी ते लागायचं तिथं लागलं. आज दुसरा नमुना द्यायचा होता. तो जमला नाही तर पुस्तक नाटकातल्या एका नटाकडे जाणार होतं. त्याचा आवाज म्हणे विहिरीतून आल्यासारखा खोल होता, आणि बायकांच्या विचारांना जरा वजन येईल असं प्रकाशनातल्या कुणाचं तरी मत पडलं होतं.

भिंतीवर घंटेचं चित्र असलेलं बटण होतं. ते दाबून धरलं की खाली पहारेकऱ्याच्या खोलीत बोलता येतं. तिनं दाबलं. खरखर झाली आणि पलीकडून पहारेकऱ्यानं विचारलं, काय आहे म्हणून. ती म्हणाली, "नमस्कार. मी लिफ्टमध्ये अडकले आहे. कृपया मदत पाठवता का?" मग त्याचा आवाज जरा लांबून आला, शेजारच्या कुणाला तरी तो सांगत होता, "काही नाही रे, लिफ्टच बोलतेय." आणि खरखर बंद झाली. तिनं पुन्हा बटण दाबलं. आता छातीत धडधडत होतं, आणि धडधडायला लागलं की तिचा आवाज आणखी गोड व्हायचा, ही तिची जुनी खोड. "अहो, ऐका ना, मी खरीच बाई बोलते आहे," ती म्हणाली. पहारेकरी हसला. "आता हे पण म्हणायला लागली," तो शेजारच्याला म्हणाला, "परवा ते लोक येऊन काहीतरी नवीन बसवून गेलेत ना, त्यातलं असणार." खरखर पुन्हा थांबली आणि जाळीतून तिनं तिलाच सांगितलं, की तिची अडचण त्यांना समजलेली आहे.

कुणालाही राग यावा असा प्रसंग होता. तिलाही येईल असं वाटून तिनं थोडी वाट पाहिली, पण राग काही आला नाही. त्याच्या जागी एक चमत्कारिक कुतूहल आलं. लिफ्टच्या मागच्या भिंतीला आरसा होता आणि त्यात तिचा चेहरा दिसत होता. कपाळावर घाम, डोळे भेदरलेले, आणि गाल मात्र कानांकडे ताणलेले. ती हसत होती. भिंतीवरच्या एका बटणाकडे बघून हसत होती. धंद्यातली पहिली शिकवणच ती: हसू ऐकू येतं. माइकसमोर उभं राहिलं की बांगड्या काढून ठेवायच्या, सुती कपडे घालायचे म्हणजे सळसळ होत नाही, सफरचंदाची फोड खायची म्हणजे तोंडात चिकट आवाज येत नाहीत, आणि मग गाल वर ओढायचे. ओठ बाजूला गेले की आवाज उजळतो. ऐकणाऱ्याला चेहरा दिसत नाही, पण समोर कुणीतरी प्रसन्न बसलंय असं त्याला वाटतं. काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला, फार सज्जन माणूस, तिला ताई म्हणायचा आणि प्रत्येक वेळी कळ दाबून तेवढंच सांगायचा, "ताई, थोडं हसू." कितीही वाईट बातमी असो. खात्यात पैसे शिल्लक नाहीत, थोडं हसू. डॉक्टर आज उपलब्ध नाहीत, थोडं हसू. पुस्तकात एक प्रकरण होतं, त्यातल्या बाईला ती मनातल्या मनात हिशेबवाली म्हणायची. मूळची नावं उच्चारायला अवघड, म्हणून तिनं सगळ्यांना अशी घरगुती नावं ठेवून टाकली होती. तर हिशेबवालीचं म्हणणं असं, की स्वयंपाक, धुणीभांडी, आजारपणं काढणं हे सगळं काम आहे, जग त्याच्यावर चालतं, आणि जग त्याला माया म्हणून मोकळं होतं. माया म्हटलं की मोल द्यावं लागत नाही. आणि त्यातच पुढं कुणीतरी भर घातली होती, की हसणं हेही कामच आहे, घरी नि बाहेर कुणीतरी ते सतत करतं म्हणून बाकीच्यांचे दिवस बरे जातात. पहिल्यांदा वाचताना तिला हे पटलं होतं आणि तिनं पेन्सिलीनं तिथं एक उभी रेघ मारली होती, दम घेण्याची खूण म्हणून. नमुन्यात हेच पान तिनं वाचलं होतं. आणि आता आरशात बघताना तिला स्वच्छ समजलं, की ते सबंध पान तिनं हसत वाचलं होतं. 'हसणं हे काम आहे' हे वाक्य गाल ओढून! रेकॉर्डिंगवाला खूश झाला होता, एका दमात झालं म्हणून.

तिनं गाल खाली सोडून पाहिले. सोडले म्हणजे ठरवून सोडले, कारण आपोआप ते उतरत नव्हते. मग तशाच चेहऱ्यानं काहीतरी बोलून बघावं म्हणून तोंड उघडलं, आणि काही आलंच नाही. हवा आली नुसती. सगळ्या गावाला मजले सांगणारी बाई आणि स्वतःच्या घशाचा पत्ता तिला माहीत नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथं काखेत तरी आहे की नाही हाच प्रश्न होता. ती आरशाला पाठ करून, पिशवी पोटाशी धरून खाली बसली. कोपऱ्यात कॅमेऱ्याचा लाल ठिपका होता. तो चालू असेल तर पहारेकऱ्याला ती दिसायला हवी होती, म्हणजे तो बघत नव्हता, किंवा तो ठिपका नुसताच शोभेचा होता. तरी बसताना तिनं पदर नीट केला. कुणी बघत नसताना आपण हा पदर कुणासाठी नीट केला याचंही तिला नवल वाटलं. पुस्तकात तेही होतं. बघणारा घरी निघून गेला तरी त्याचे डोळे बाईपाशी राहतात, ती ते स्वतःवर रोखून वावरते, असं एकीनं म्हटलं होतं. तिचं नाव आरसेवाली.

लहानपणी घरात तिला घोगरी म्हणत. जन्मली तेव्हा रडली तीच म्हणे म्हातारीसारखी. पुढं बोलायला लागली तर आवाज जाड, खालचा, जरासा खरखरीत. शेजारच्या खोलीतून ती बोलली की पाहुणे विचारायचे, कोण हो, धाकटे भाऊ का बाबांचे? आई ओशाळायची. आईचे स्वतःचे दोन आवाज होते. एक स्वयंपाकघरातला, जाडसर, कामाचा, भांड्यांच्या आवाजावर सहज मात करणारा. दुसरा बाहेरच्या खोलीतला, बाबांचे कुणी ओळखीचे आले की चढवायचा. पदर चढवावा तसा आई तो उंबऱ्यावर चढवायची, आणि परत आत येताना उतरवून ठेवायची. बाबांचा एकच आवाज होता, तो दोन्ही खोल्यांत चालायचा. मुलीला दुसरा आवाज यावा म्हणून आईनं काय काय केलं. मध चाटवला. संध्याकाळी दिवा लागला की पुढ्यात बसवून धडा वाचून घ्यायची, आणि जाड सूर लागला की हनुवटीला बोट लावून चेहरा वर करायची. "हळू बोल. गोड बोल," म्हणायची. रागानं कधीच नाही म्हणाली. ते बोट उबदार असायचं, त्याला लसणाचा वास असायचा, आणि ते बोट परत लागावं म्हणून ती कधीकधी मुद्दाम जाड आवाज काढायची. पुस्तकातलं पहिलंच प्रकरण, जिला तिनं घडवणारी म्हटलं होतं तिचं, हेच तर सांगत होतं, की मुलगी म्हणून कुणी तयार होऊन येत नाही, तिला हळूहळू आकार दिला जातो, कुंभारकामासारखा. वाचताना तिला वाटलं होतं, हो बुवा, खरं आहे, समाज फार वाईट. समाज म्हणताना तिच्या डोळ्यांपुढं मिशीवाले काहीजण आले होते. त्या बोटाला लसणाचा वास असू शकतो हे त्या प्रकरणात कुठं नव्हतं.

मग तिच्या धाकट्या भावाचा आवाज फुटला. एका उन्हाळ्यात तो बेडकासारखा बोलायला लागला, आणि घरात कोण कौतुक! मामा आले की मुद्दाम त्याला बोलतं करायचे. अरे वा, पुरुष झाला घरात, म्हणायचे. तोच जाडपणा, तीच खरखर, अगदी तिचाच जुना आवाज त्यानं घालायला घेतल्यासारखा, आणि त्याला कुणी मध चाटवला नाही. तोवर तिचा आवाज वर गेला होता आणि वरच राहिला होता. शाळेच्या समारंभात सूत्रसंचालन तिच्याकडे, मग एका ओळखीच्यांनी स्टुडिओत नेलं, मग धंदाच झाला. आईच्या त्या बोटानं तिला पोटाला लावलं, हे नाकारता येण्यासारखं नव्हतं. सोंगवाली म्हणून एक होती पुस्तकात, सगळ्यांत कठीण, एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. तिचं सार असं, की बाईपण किंवा पुरुषपण ही आत ठेवलेली वस्तूच नाही. ते रोज करून करून होतं, चालण्यातून, बसण्यातून, बोलण्यातून. सोंग इतके दिवस वठवायचं की खाली खरा चेहरा आहे ही समजूतसुद्धा सोंगातूनच आलेली. हे वाचल्यावर ती दोन दिवस बेचैन होती. म्हणजे खाली घोगरी आहे असं ती इतकी वर्षं धरून चालली होती, तीही नाहीच की काय? लिफ्टमध्ये बसून आत्ता पुन्हा तोच प्रश्न आला, पण आता तो पुस्तकातला नव्हता, चांगला व्यवहारातला होता. खाली कुणीच नसेल तर दार उघडा म्हणून सांगायचं कुणी?

जाळीतली बाई मध्येच पुन्हा बोलली. आम्हाला समजली आहे, म्हणाली. हे वाक्य मुद्रित करताना तिनं विचारलं होतं, हे 'आम्ही' म्हणजे कोण? रेकॉर्डिंगवाला आणि लिफ्ट कंपनीचा माणूस एकमेकांकडे बघायला लागले होते. आम्ही म्हणजे कुणीच नव्हतं, ते नुसतं बरं वाटायला होतं. त्याच दिवशी तिनं वजन जास्त झाल्याचं वाक्यसुद्धा वाचलं होतं, शेवटी आलेल्यानं बाहेर पडावं, ते. कंपनीच्या माणसाला ते पसंत पडलं नाही. बाईनं सांगून कोण बाहेर पडतंय, म्हणाला. मग ते एका पुरुषाकडून करून घेतलं. तेव्हापासून या लिफ्टमध्ये माफी बाई मागते आणि हुकूम बाप्या सोडतो, आणि खरोखर, वजन जास्त झालं की माणसं निमूट उतरतात. 'आम्ही'वरून तिला पुस्तकातली आणखी एक आठवली. ती बाकीच्या बायकांनाच अडवून विचारत होती, की तुम्ही उठल्यासुटल्या 'आपण बायका' म्हणता त्यात मी आहे का? तुमची खोली झाडायला येते ती आहे का? खोलीवालीच्या प्रकरणानंतर लगेच हे यायचं. खोलीवाली म्हणायची, बाईला विचार करायचा तर दार लावता येईल अशी जागा हवी आणि हातात स्वतःची मिळकत हवी. तिला स्वतःला दोन्ही मिळालं होतं की. चारी बाजूंनी गाद्या लावलेली, दार लागल्यावर बाहेरचा कावळाही ऐकू न येणारी खोली, आणि मिळकत. त्या खोलीत उभी राहून ती इतकी वर्षं दुसऱ्यांची वाक्यं बोलत आली होती. खोलीवालीला हे सांगायला हवं होतं. काय म्हणाली असती? आणि कुठल्या आवाजात म्हणाली असती? तिला एकदम जाणवलं, की पुस्तकात या सगळ्यांचे विचार होते, आवाज एकीचाही नव्हता. विशेषतः शेवटचीचा तिला ऐकायचा होता, जिला ती रागीट म्हणायची. दीडशे वर्षांपूर्वी आपल्याच भाषेत, बायकांवर आळ घेणाऱ्या पुरुषांची भरपूर हजेरी घेऊन, त्यांच्या खोट्या शहाणपणाची सालं काढून, मग गप्प झालेली. इतकं घसाफोड लिहिणारी बाई घरात हळू बोलत असेल का? तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसणाऱ्यांतली ती नव्हे. पण तिनंही पाहुण्यांपुढं दुसरा आवाज चढवला असेल एखादवेळी. कोण जाणे. आज नमुन्याला तिचंच प्रकरण वाचायचं होतं.

लिफ्टमधली हवा जड झाल्यासारखी वाटली. ती उठली. आरशाकडे मुद्दाम पाहिलं नाही. आईचं स्वयंपाकघर तिनं डोळ्यांपुढं आणलं, आई चुलीपाशी पाठमोरी, बाहेर कुणी पाहुणे नाहीत, आणि आई न वळता कुणाला तरी हाक मारतेय, तो सूर. तो सूर छातीत लागतो, नाकात नाही. तिनं हनुवटी खाली घेतली, ते बोट जिथून ती वर उचलायचं तिथं आणून ठेवली, आणि बटण दाबलं.

"कोण आहे तिकडं?"

स्वतःच दचकली. दार करकरावं तसा आवाज आला होता, मध्येच फाटलेला. पण जड होता, आणि तो कुणालाही बरं वाटायला नव्हता.

"कोण? कोण बोलतंय?" पहारेकरी एकदम सावध झाला होता.

"मी. लिफ्टमध्ये अडकलेय. वर येऊन दार उघडा."

कृपया म्हणायचं राहून गेलं हे तिला बटण सोडल्यावर कळलं. पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "आलो बाई, आलो," तो म्हणत होता, "आधी नाही का सांगायचं?" ती एकटीच हसायला लागली. या हसण्याचा आवाजही जाडच निघाला, आणि तो आरशात कसा दिसतो ते बघायचं तिला सुचलं नाही.

लिफ्ट हातानं फिरवून खालच्या मजल्याला आणली, दार फाकवलं, तेव्हा पहारेकरी आधी तिच्याकडे आणि मग तिच्या पाठीमागं बघायला लागला. आणखी कुणी नाही ना आत, असं त्यानं विचारलं. आवाजावरून त्याला वाटलं होतं, कुणी दांडगी बाई असणार. ती काही बोलली नाही, न जाणो तोंड उघडलं आणि मजला सांगितला तर. जिन्यानं वर गेली. वर संपादकबाई घड्याळाकडे बघत कोचावर बसल्या होत्या आणि रेकॉर्डिंगवाल्यानं माइक लावून ठेवला होता. झालेलं सांगत बसायला वेळ नव्हता. ती बांगड्या काढून खोलीत गेली, दार लागलं, बाहेरचं जग बंद झालं. सफरचंद खाल्लं नाही. काचेपलीकडून त्यानं सवयीनं कळ दाबली आणि म्हणाला, थोडं हसू. तिनं हनुवटी खाली घेतली आणि वाचायला लागली.

हे एखाद्या सिनेमात असतं तर पुढं सगळं सुरेल झालं असतं. तसं काही झालं नाही. आवाज दुसऱ्याच ओळीला फाटला. तिसऱ्या ओळीला सवयीनं वर चढला, तिला थांबून परत खाली आणावा लागला, अंगणातून पळालेलं वासरू आणावं तसा. इतकी वर्षं न वापरलेली वस्तू होती ती, गंजलेली. रेकॉर्डिंगवाल्यानं मुद्रण थांबवलं. "ताई, घसा बसलाय तुमचा," तो काळजीनं म्हणाला, "गरम पाणी आणू? नाहीतर उद्या करू." काचेपलीकडे संपादकबाईंनी हात वर केला होता. तो हात नको म्हणतोय की थांब म्हणतोय, ते आतून कळत नव्हतं, आणि तेवढ्या वेळात तो नट, ती विहीर, मजले, सगळं तिच्या डोळ्यांपुढून जाऊन आलं. नाही जमलं तर नाही, असं म्हणायचा मोठेपणा तिच्याजवळ नव्हता. तिला ते पुस्तक हवंच होतं. मग संपादकबाईंनीच कळ दाबली आणि त्या म्हणाल्या, पुढं वाचा. ती पुढं वाचत गेली. रागीटनं जिथं पुरुषांना विचारलं होतं, की जे दोष तुम्ही आमच्या पदरात बांधता त्यातला एक तरी तुमच्यात नाही का, तिथं तिला आवाज करावाच लागला नाही, तो खालीच होता आणि प्रश्न त्यावर बसला. शेवटचं पान संपलं. संपादकबाई उठून आत आल्या, त्या कधी आत येत नसत, आणि कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, हे इथं लिहिणाऱ्या बाई जरा जास्तच बोलतात असं तुम्हाला नाही वाटत? म्हणजे सगळ्याच पुरुषांना एका मापानं. तिनं विचार केला. मजले सांगणाऱ्या बाईला मजल्याविषयी कुणी मत विचारलेलं नव्हतं. नाही, ती म्हणाली, तेव्हा एका मापानंच मोजलं जात होतं ना बायकांना, मग तिनं तेच माप उलटं धरलं. दोघी मग तिथं उभ्या उभ्या बराच वेळ वाद घालत होत्या आणि रेकॉर्डिंगवाला काचेपलीकडून पाण्याचा पेला हातात धरून बघत होता. निघताना संपादकबाई म्हणाल्या, पहिल्या प्रकरणापासून घेऊ, सोमवारी या.

खाली जाताना तिनं जिनाच धरला. मधल्या मजल्यावर फोन पिशवीतून काढला, तर आईचा फोन येऊन गेला होता. आईला फोन करणं ही अलीकडे दुःखाची गोष्ट झाली होती. आई धाकट्याकडे राहायची आणि तिचे कान गेले होते. डॉक्टर म्हणाले होते, या वयात बारीक, वरच्या सुरातले आवाज आधी जातात, पाखरं, दारावरची घंटा असलं काही. हिनं पाखरांबद्दल हळहळ व्यक्त केली होती. पण धाकट्याचं आईला सगळं ऐकू यायचं, आणि ही फोनवर कितीही जीव तोडून बोलली तरी आई म्हणायची, काय गं पुटपुटतेस, आणि फोन त्याच्याकडे देऊन टाकायची. ही आणखी गोड व्हायची, आणखी वर जायची. आई आणखी लांब. शेवटी मुलगा तो मुलगाच, असं मनाशी म्हणून तिनं तो विषय मिटवला होता, आणि तो मिटला नव्हता. तिनं नंबर लावला. घसा दुखत होता, आवाज चढवायची ताकदच नव्हती.

"आई, मी."

"कोण?" आई म्हणाली. "मी कोण?"

तिला नाव सांगायचं होतं. तोंडातून दुसरंच आलं. "घोगरी."

पलीकडे धाकट्याच्या घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. आता आई फोन धाकट्याला देईल, म्हणून ती त्याच्याशी काय बोलायचं ते ठरवायला लागली.

"सर्दी झालीय का गं?" आईनं विचारलं.

"नाही."

"मग आज कसं सगळं नीट ऐकू येतंय तुझं." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, पण स्वयंपाकघरातल्या आवाजात, तिनं विचारलं, "इतके दिवस कोण बोलत होतं मग?"

ती पायरीवर बसली. वरून कुठूनतरी, दुरुस्त झालेल्या लिफ्टमधून, एक बाई हसत हसत मजला सांगत होती. याचं उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखं नव्हतं. त्यात मध होता, लसणाचा वास होता, पुस्तकातल्या सगळ्याजणी होत्या, आणि कुठून सुरुवात करावी हे तिला माहीत नव्हतं.

"सांगते," ती म्हणाली. "लांबलचक आहे. बसलीयेस का?"

"बसलेय," आई म्हणाली. "बोल."